'इट्स अलाइव्ह'ची गाणी सुटी करताना 'वन-टू-थ्री-फोर' कुठे तोडायचं?

खरखर_३३:
रमोन्स या पंक बँडचा 'इट्स अलाइव्ह' हा लाइव्ह अल्बम एलपीवरून काँप्युटरवर घेतोय. दोन तबकड्या, २८ गाणी, दर बाजूला सात. चार बाजूंच्या चार वेव्ह फायली तयार आहेत. पण गाणी सुटी केली की दर जोडावर बारीक 'टक्' येतो आणि पब्लिकचा गलका क्षणभर गायब होतो. बास वाजवणाऱ्या डी डीची 'वन-टू-थ्री-फोर' मोजणी आधीच्या गाण्याच्या शेपटाला ठेवायची की पुढच्याच्या डोक्यावर? शिवाय सगळंच स्टुडिओ रेकॉर्डपेक्षा पळतंय. टर्नटेबल जोरात फिरतोय की बँड? शेवटी एक ऑडिओ सीडी राइट करायची आहे आणि गाडीसाठी एमपीथ्री हव्यात.

डाउनस्ट्रोक:
मोजणी पुढच्या गाण्याचीच, यात वादच नको. ती शेपटाला ठेवलीत तर शफलवर गाणं मोजणीशिवाय अंगावर येईल आणि आधीचं गाणं 'फोर'वर लटकत राहील. खूण 'वन'च्या आधी पाव ते अर्धा सेकंद टाका. गायक जोई गाण्याचं नाव पुकारतो तिथे खूण त्या पुकाऱ्याच्याही आधी. टाळ्यांचा पहिला भर ओसरतो ती जागा वेव्हफॉर्मवर नजरेला दिसते, तिथेच. गिटारच्या पहिल्या फटक्यावर खूण टाकायचा मोह होतो कारण तिथे उभी भिंतच दिसते, पण ती जागा चुकीची.

पळण्याबद्दल: पळतोय तो बँडच. २८ गाणी साधारण ५४ मिनिटांत, म्हणजे सरासरी दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि त्यात बोलणं-मोजणी धरून. १९७६-७७ मधल्या पहिल्या तीन अल्बममधली गाणी आहेत ही, लाइव्हला आणखी वेगात वाजवलेली. तरी टर्नटेबल तपासून घ्याच.

निऑन_टेस्टर:
वेग कसा तपासायचा ते सांगतो. स्ट्रोब चकती, म्हणजे टर्नटेबलवर ठेवायची रेघांच्या वर्तुळाची चकती, छापून घ्या, पण ५० हर्ट्झच्या विजेची. आपल्याकडे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसायला हवं. अमेरिकन मॅटवर २१६ रेघांचं असतं, ते ६० हर्ट्झचं. ते बघून वेग लावलात तर सगळा हिशोब फसेल. बऱ्याच एलईडी बल्बांखाली रेघा नीट दिसत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर चकतीजवळ धरा आणि खोलीतला दिवा बंद करा, रेघा लख्ख दिसतात. वर्तुळ फिरण्याच्या दिशेने सरकत असेल तर वेग जास्त, उलटं सरकत असेल तर कमी. एलपी लावून, सुई खाली असताना बघा. रिकाम्या टर्नटेबलवर वेग किंचित वेगळा येऊ शकतो.

दुसरी खूण सुराची. बँड जोरात वाजवत असेल तर लय वाढते, पट्टी हलत नाही. टर्नटेबल जोरात असेल तर दोन्ही चढतात, साधारण सहा टक्क्यांना अर्धा स्वर. एक टक्का जास्त असेल तर ५४ मिनिटांत ३२ सेकंद कमी भरतील.

पाचशेअठ्ठ्याऐंशी:
'टक्'चं कारण साधं आहे. ऑडिओ सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात. सेकंदाला ४४,१०० सँपल (आवाजाचे नमुने) भागिले ७५, म्हणजे एका भागात ५८८ सँपल. तुकडा ५८८च्या पटीत नसेल तर राइट करणारं सॉफ्टवेअर शेवटचा भाग शून्यांनी भरतं. एरवी दोन गाण्यांमध्ये शांतता असते म्हणून कळत नाही. इथे सतत गलका आहे, त्यात शून्य म्हणजे खड्डाच.

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट ४४,१०० वर ठेवा. स्नॅपिंग चालू करून 'सीडीडीए फ्रेम्स' निवडा. मग दर जागी कर्सर ठेवून कंट्रोल-बी दाबून लेबल टाका आणि लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फायली एक्स्पोर्ट करा. कुठल्याही तुकड्याला फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) देऊ नका. सीडी 'डिस्क-ॲट-वन्स'ने, म्हणजे सगळी एका दमात, राइट करा. 'ट्रॅक-ॲट-वन्स'मध्ये मध्ये दोन सेकंदांची फट येते.

आवाज सारखा करायचा तर चारही बाजूंना एकच वाढ द्या. गाण्यागणिक नॉर्मलाइझ केलंत (आवाजाची पातळी वेगवेगळी जुळवलीत) तर जोडावर पब्लिक एकदम जवळ आल्यासारखं किंवा मागे सरकल्यासारखं वाटेल. रीप्लेगेन (प्लेअरमध्ये आवाज सारखा करणारी सोय) असेल तर तेही 'अल्बम'वर, 'ट्रॅक'वर नको.

आणि कृपया आपोआप क्लिक काढणारे फिल्टर बेतानेच वापरा. त्यांना टाळी आणि ओरखडा सारखाच दिसतो, ड्रमर टॉमीच्या हाय-हॅट झांजेची धारही बोथट होते. ओरखडे हाताने शोधून एकेक दुरुस्त करा. नॉइज रिडक्शन तर नकोच, गलका पाण्याखालून आल्यासारखा होतो.

खरखर_३३:
५८८चं जमलं, सीडीवर 'टक्' गेला. पण गाडीत एमपीथ्रीला फट राहिलीच. आणि दोन बाजू एकमेकींना जोडता येतील का?

पाचशेअठ्ठ्याऐंशी:
एमपीथ्री १,१५२ सँपलच्या चौकटीत चालतं, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. लेम हा एमपीथ्री बनवणारा एन्कोडर सुरुवातीला ५७६ सँपल घालतो, शेवटची चौकटही भरून काढतो. किती घातले ते फायलीत नोंदलेलं असतं, पण गाडीतले बरेच प्लेअर ती नोंद वाचत नाहीत. त्यात पुढची फाइल उघडायला लागणारा वेळ वेगळाच. गाडीसाठी तुकडे करूच नका, बाजूगणिक एक अशा चार एमपीथ्री ठेवा. घरी ऐकायला सुट्या गाण्यांच्या फ्लॅक फायली, त्यात आवाजाचा काहीच भाग गळत नाही.

बाजू जोडताना दोन्हीकडचा निव्वळ गलका दोन-तीन सेकंद एकमेकांवर आणून क्रॉसफेड (एक उतरवत दुसरा चढवणं) द्या, 'कॉन्स्टंट पॉवर' प्रकारचा. सरळ रेषेतला दिलात तर मध्यावर आवाज सुमारे ३ डेसिबलने खचतो, कारण दोन गलके वेगवेगळे आहेत. मोजणीवर क्रॉसफेड येऊ देऊ नका.

डाउनस्ट्रोक:
एवढी मेहनत नको असेल तर २०१९ ची चाळिसाव्या वर्षाची आवृत्ती बघा, चार सीडी आणि दोन एलपी. हा अल्बम ज्या दौऱ्यातला, त्या १९७७ च्या इंग्लंड दौऱ्यात चार कार्यक्रम रेकॉर्ड झाले होते: २८ डिसेंबरला बर्मिंगहॅम, २९ ला स्टोक-ऑन-ट्रेंट, ३० ला एल्सबरी आणि ३१ ला लंडनचं रेनबो थिएटर. आधीचे तिन्ही त्यात आहेत. रेनबोचाच निवडला गेला, कारण कार्यक्रम संपल्यावर पब्लिकने खुर्च्यांच्या दहा रांगा उखडून स्टेजकडे भिरकावल्या होत्या, असं सांगतात. एप्रिल १९७९ मध्ये अल्बम आला तोवर टॉमी ड्रमवरून उठून मार्की बसला होता. निर्मितीत मात्र एड स्टेझियमसोबत टॉमीच होता. बँड न्यूयॉर्कचा, पण खुद्द अमेरिकेत हा अल्बम रीतसर निघायला १९९५ उजाडलं, त्यामुळे जुन्या एलपी युरोपातल्याच शोधा. गेटफोल्डच्या दोन्ही खिशांत वेगवेगळी तबकडी आहे ना, हे लेबलं बघून तपासा. जुन्या डबल एलपीत एकाच तबकडीच्या दोन प्रती भरलेल्या निघतात.