एमटीएस ते एमपी४: आधी आतलं बघा

हँडीकॅमच्या जुन्या एमटीएस फाइल्स दर्जा न घालवता एमपी४ कशा करायच्या, हा मूळ प्रश्न. काही जण त्यासाठी बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा द्यायचा ते) दुप्पट ठेवायला सांगतात. कृपया तसं करू नका. फाइल फुगेल, पण चित्र पुन्हा कॉम्प्रेस होऊन थोडं बिघडेलच.

एमटीएस आणि एमपी४ हे चित्र आणि आवाज ठेवायचे नुसते डबे आहेत. एव्हीसीएचडी (अशा हँडीकॅमचा रेकॉर्डिंग फॉरमॅट) कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये चित्र एच.२६४ या कॉम्प्रेशन पद्धतीतच असतं आणि एमपी४ला ते जसंच्या तसं चालतं. म्हणजे फक्त डबा बदला, याला रीमक्स म्हणतात. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ कोडेकच्या (कॉम्प्रेशन पद्धतीच्या) जागी 'कॉपी' लिहायचं. कमांड नको असेल तर लॉसलेसकट हा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. वेळही जवळपास फाइल कॉपी करण्याइतकाच लागतो. हँडब्रेक हा कन्व्हर्टर उत्तम आहे, पण तो व्हिडिओ नव्याने एन्कोड (म्हणजे पुन्हा कॉम्प्रेस) करतोच, त्यामुळे या कामाला नको.

आवाज बहुधा एसी-३ (डॉल्बीचा ऑडिओ फॉरमॅट) असतो, काही मोबाइलवर तो वाजत नाही. तेव्हा फक्त ऑडिओ एएसी या फॉरमॅटमध्ये बदला, चित्राला हात लावू नका.

एन्कोड करणं भागच असेल (एडिटिंगनंतर वगैरे) तर बिटरेटऐवजी सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १८ आणि प्रीसेट (एन्कोडच्या वेगाची सेटिंग) 'स्लो' ठेवा. आणि मूळ एमटीएस डिलीट करू नका, घरच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण पुन्हा मिळत नाही हो.