उद्योजकाने स्वतः लिहिणं आपल्याकडे जुनंच आहे

"कारखानदाराने स्वतः लिहायचं हे अमेरिकेतून आलेलं खूळ, ते काम जाहिरात एजन्सीचं," हे मत ऐकायला मिळतं, पण मला ते अजिबात पटलं नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेच मुळी तिथल्या नांगरांच्या कारखान्याचं पत्र म्हणून. संपादक शंकरराव किर्लोस्कर घरचेच, कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव यांचे पुतणे. नांगर विकणारे आणि घेणारे यांच्यात मधला कुणी नव्हता. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभं राहिलं. माझं विट्याला पंपांचं दुकान आहे. व्होल्टेज कमी असताना मोटार का जळते, हे मी स्वतः एका पानावर लिहून वाटलं होतं. छापील रंगीत पत्रकं लोकांनी टाकून दिली, ते पान काहींनी स्टार्टरच्या पेटीत जपून ठेवलंय.

आता जाहिरात एजन्सीवाल्यांचंच बोलायचं तर, डेव्हिड ओगिल्वी आणि रॉसर रीव्ह्ज या जाहिरात क्षेत्रातल्या दोन नामवंतांमध्ये चुरस होती हे खरं, पण ते दोघे साडूही होते. रीव्ह्जचा हट्ट मालाचा एकच ठोस गुण पुन्हा पुन्हा सांगण्याचा, ओगिल्वीचा ओढा ब्रँडच्या प्रतिमेकडे. तरीही रीव्ह्जकडून आपण शिकलो, हे ओगिल्वी मोकळेपणाने सांगत.