आकड्यांना नुसतं ‘अरबी’ म्हणणं बंद करा

सातपूरकर: काल मुलीच्या क्लासमध्ये सरांनी सांगितलं की आकडे दोन प्रकारचे, रोमन (I, II, III) आणि अरबी (1, 2, 3), झालं. घरी येऊन विचारते, बाबा मग आपले कुठले? फार लागलं मला. आपण नाशिकचे लोक, दर पावसाळ्यात पांडवलेणी चढतो, फोटो काढतो, पण १० नंबरच्या लेण्यात व्हरांड्यात उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) जवळजवळ १९०० वर्षं जुना लेख आहे तो किती जण बघतात? ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) बौद्ध भिक्षूंच्या संघासाठी ठेवली, त्यातली २००० नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे व्यवसाय-संघाकडे) शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने (लेखात शब्द ‘पायून’ आहे, अंगावर काटा येतो वाचताना). या रकमा ब्राह्मी या जुन्या भारतीय लिपीच्या आकड्यांत कोरल्यात आणि मोबाईलवर आपण जे आकडे दाबतो ते त्याच ब्राह्मीच्या वंशातले. मग अरबी कसे?

गंगाघाट: लेख मीही पाहिलाय, अभिमान मलाही आहे, पण अर्धंच सांगू नका. त्यात शून्य नाहीये. ३००० म्हणजे तीनपुढे तीन शून्यं असं नाही, हजाराच्या खुणेलाच जादा रेघा जोडल्यात. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभरला वेगळी. स्थानावरून किंमत ठरते ही गोष्ट नंतरची, ग्वाल्हेरच्या देवळात २७० शून्यासकट कोरलेला दिसतो तो इसवी सन ८७६ चा. आणि युरोपात जी वळणं गेली ती मोरोक्को-स्पेनकडच्या अरबांची. ज्यांच्या हातून घेतले त्यांचं नाव पडलं, यात चोरी कुठे आली?

सातपूरकर: चोरी म्हणालोच नाही मी. पण खुद्द अरबच त्यांना हिंदी, म्हणजे हिंदुस्थानचे, आकडे म्हणायचे! बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी याने ८२५ च्या आसपास पुस्तक लिहिलं ते हिंदी गणनपद्धतीवर, इटालियन गणिती फिबोनाची १२०२ मध्ये ‘भारतीयांचे नऊ अंक’ असंच सांगतो. शून्याचे नियम आपल्या गणिती ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच मांडलेले. आपल्या संविधानात कलम ३४३ मध्ये शब्द काय आहेत, भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप. एवढं स्पष्ट असताना क्लासमध्ये निदान भारतीय-अरबी तरी म्हणा ना.

गणिताची मॅडम: मला दोघांचंही पटत नाही. नावावरून भांडण्यापेक्षा मुलांना ४८ गुणिले २७ रोमनमध्ये करायला द्या, दोन मिनिटांत कळतं स्थानिक किंमत काय चीज आहे. रोमन लोक हिशेब मण्यांच्या पाटीवर करायचे, आकडा नुसता उत्तर लिहायला. तरी सवय किती चिवट बघा, फ्लॉरेन्समध्ये १२९९ ला सराफांच्या संघाने खातेवहीत हे नवे आकडे लिहायला बंदी घातली होती. आज रोमन उरलेत ते राजे, पोप आणि घड्याळापुरते, मानाचे आकडे झालेत ते. मला खरी काळजी वेगळी आहे. माझ्या वर्गातली मराठी मुलं एसटीच्या पाटीवरचा ५ आणि ६ ओळखताना अडखळतात. घरात देवनागरी आकडा दिसतो तो फक्त कालनिर्णयवर. अरबी शब्द खोडून हे कसं सुधारणार?

सातपूरकर: मॅडम, ५-६ चं एकदम मान्य, आमच्या घरीही तेच आहे, आजपासून दुधाचा हिशेब मुलीकडून देवनागरीत लिहून घेतो. पण नाव चुकीचं शिकवलं की ‘आपले कुठले’ हा प्रश्न तिला पुन्हा पडणारच.

गंगाघाट: भारतीय-अरबी चालेल मला. नुसतं भारतीय म्हणाल तर विरोध कायम, ख्वारिझ्मीपासून फिबोनाचीपर्यंतच्या मधल्या चारशे वर्षांतली माणसं पुसायची नाहीत.