वडोदऱ्याहून भावनगर: एका दिवसात काय जमेल?

रावपुरेकर: निष्कलंक महादेव, बंदराचं लॉक गेट आणि शहर एका दिवसात होईल का? सोबत आई आहे.

दांडियाबाजारकर: आधी भरतीचं कोष्टक बघा, मग निघायची वेळ ठरवा. निष्कलंक महादेव कोळियाक गावाजवळ समुद्रात आहे, भावनगरपासून साधारण 25 किमी. तिथली पाच शिवलिंगं ओहोटीतच उघडी पडतात आणि ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. कालची वेळ धरून गेलात तर समोर नुसतं पाणी. अमावस्या-पौर्णिमेला समुद्र सर्वांत लांब हटतो, पण परततोही झपाट्याने. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी चालू लागा, पाणी वळलं की लगेच मागे फिरा. वाट चिखलाची, खडक शेवाळी. आईंचा हात सोडू नका.

मांडवीवाला: लॉक गेट खरंच विलक्षण आहे! खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरच्या आसपास जातो. म्हणून भरतीत जहाज आत घेऊन दार बंद करतात; पाणी अडवलं नाही तर जहाज गाळात बसेल. आत सोडतात का, ते आधी विचारा. शहरात तख्तेश्वर मंदिर (1893) संध्याकाळी. टेकडीवरून सगळं भावनगर दिसतं.

दांडियाबाजारकर: शामळदास कॉलेजही विसरू नका, गांधीजी 1888 मध्ये तिथे शिकले.