निवृत्त हवालदार आजोबांवरील पुस्तिकेत काय लिहावे?

मोहोळची नात:

नमस्कार. येत्या संक्रांतीला माझ्या आजोबांना पंच्याऐंशी वर्षे पूर्ण होत आहेत. आम्ही सर्व जण त्यांना अप्पा म्हणतो. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा त्यांनी ‘एवढा खर्च कशाला’ म्हणून करू दिला नव्हता. त्यामुळे आता घरातल्यांपुरती तरी तीस-चाळीस पानांची पुस्तिका छापावी, असे आम्ही नातवंडांनी ठरवले आहे. मोहोळ तालुक्यातील एका कोरडवाहू गावातून निघून 1963 साली ते बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. चीनच्या युद्धानंतर तेव्हा सैन्यात माणसांची मोठी गरज होती. 1965 आणि 1971 ही दोन्ही युद्धे त्यांच्या नोकरीच्या काळात झाली. 1980 साली हवालदार म्हणून पेन्शनवर आल्यावर ते सोलापुरात एका बँकेत सुरक्षारक्षक म्हणून राहिले.

अडचण अशी की, अप्पा युद्धाविषयी बोलत नाहीत. ते जमालपूरच्या लढाईत होते असे गावात जो तो सांगतो, पण त्यांना विचारले तर ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. चष्मा पुसू लागतात. ट्रंकेत पाच पदके आहेत, परंतु कोणते कशाचे हे घरात कोणालाच ठाऊक नाही. युद्धाचीच पाने कोरी राहिली, तर पुस्तिकेत उरणार काय?

माजी सुभेदार, होटगी रोड:

ताई, प्रथम त्यांचे डिस्चार्ज बुक शोधा. भरतीची व निवृत्तीची तारीख, सेवा क्रमांक, मिळालेली पदके या सर्वांची नोंद त्यात असते. ते सापडले नाही, तर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी आणि अप्पांच्याच सहीने बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवावा.

पदकांचे म्हणाल, तर गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. भिंग घेऊन पाहा. 1965 च्या युद्धात प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला. 1971 साठी पूर्व आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार देण्यात आला. जमालपूर हे आजच्या बांगलादेशात आहे आणि डिसेंबर 1971 मध्ये तेथे आपल्या रेजिमेंटची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, लढली. तेव्हा ट्रंकेतला तारा कोणता आहे आणि अप्पांची पलटण कोणती होती, एवढे पाहिले की गावातल्या गोष्टीचा निकाल लागेल. पडताळल्याशिवाय जमालपूर छापू नका. कोणी जुना सोबती ती पुस्तिका वाचेल, आणि मान खाली घालण्याची वेळ अप्पांवर येईल.

बाळीवेसकर:

सुभेदारसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे, पण मला मूळ प्रश्नच थोडा चुकल्यासारखा वाटतो. अप्पांच्या अंगावर वर्दी सतरा वर्षे होती. ती उतरवल्याला आता पंचेचाळीस वर्षे झाली, आणि आपण त्या काळाला एकच वाक्य दिले आहे. त्या वाक्यात बँक आहे, माणूस नाही. धाकट्या भावंडांची शिक्षणे कोणी केली, बहिणींची लग्ने कोणाच्या पेन्शनवर झाली, वस्तीत कोणाच्या भांडणात त्यांना मध्यस्थीला बोलावत, हे सर्व लिहिण्याजोगे आहे.

दुसरे असे की, आपल्या मजकुरात आजींचा उल्लेख कोठेही नाही. 1972 च्या दुष्काळात अप्पा सैन्यात होते, मग घर कोणी चालवले? त्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील असंख्य बायका खडी फोडायला गेल्या, सरकारी मदतीची सुकडी आणि मिलो ही परदेशी ज्वारी खाऊन त्यांनी दिवस काढले. माझी स्वतःची आजी त्यांत होती, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितो आहे. आपल्या आजी हयात असतील, तर आधी त्यांच्यापाशी बसा.

निवृत्त रोखपाल:

मी बँकेत तीस वर्षे काढली, म्हणून एक अनुभव सांगतो. आमच्या शाखेतही असे एक माजी सैनिक सुरक्षारक्षक होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी रांग लागली की, ड्युटी संपवून ते बाहेरच्या बाकावर बसत आणि अंगठा उठवणाऱ्या वीरपत्नींचे व वृद्ध पेन्शनरांचे अर्ज भरून देत. वयाची 80 वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के, 85 ला 30 आणि 90 ला 40 टक्के वाढ मिळते, हे अनेकांना त्यांच्याकडूनच कळले, आणि ज्यांची वाढ लागली नव्हती त्यांच्यासाठी पत्रव्यवहारही त्यांनीच केला. (काउंटरच्या आत बसून ते काम आम्ही करायला हवे होते, हेही मान्य करतो.) आपल्या अप्पांनी असे काही केले का, हे घरी विचारू नका, कारण घरी बहुधा माहीत नसते, ते ज्या शाखेत होते, तेथील जुन्या खातेदारांना विचारा.

मोहोळची नात:

सर्वांचे आभार. काल अप्पांच्या समोरच ट्रंक उघडली. भिंगातून क्रमांक आणि नाव स्पष्ट दिसले. तारा पश्चिमी स्टार निघाला. म्हणजे अप्पा जमालपूरला नव्हते. एवढी वर्षे ते गप्प का राहिले असे विचारले, तर म्हणाले, “तुझ्या आजीनं गावात सांगितलं हुतं. तिला खोटी कशाला पाडू?”

आजी शेजारीच गहू निवडत होत्या. बाळीवेसकर, आपण म्हणता तसे त्या खडीवर जात होत्या, आणि हे आम्हाला काल प्रथमच कळले. वर्तमानपत्र कोणी वाचून दाखवले की त्यातली मराठ्यांची लढाई ती आपल्याच माणसाची, असे त्या कामावरच्या बायांना सांगत. मनीऑर्डर येईपर्यंत वाण्याने उधारी बंद करू नये, एवढाच हेतू होता. पुस्तिकेचे पहिले प्रकरण आता त्यांचे राहील. जुन्या खातेदारांकडे येत्या सोमवारी जाणार आहे.