वाई ते हरिपूर चार दिवस : देवळं, द्राक्षबाग आणि सासूबाईंचे गुडघे

शाहूपुरीची सून
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन इंदूरहून येतेय. सासूबाई धरून आम्ही सात जण, एक मोठी गाडी, हातात चार दिवस. मी असं मांडलंय : पहिल्या दिवशी वाई, मेणवली, लिंबची बारामोटेची विहीर आणि संध्याकाळी सज्जनगड. दुसऱ्या दिवशी प्रतापगड, महाबळेश्वर. तिसऱ्या दिवशी औंध, कराड, तासगाव. चौथ्या दिवशी सांगली, मिरज करून परत. मुलांना द्राक्षबाग बघायचीच आहे, वाइन कुठे बनते तेही विचारतायत. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, दहा-पंधरा पायऱ्यांच्या वर जमत नाही. त्यांचं माहेर भिलवडी. तिथे जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली. काय ठेवू, काय गाळू?

वाईकर
ताई, सज्जनगड त्या दिवशी नको. गाडी वरपर्यंत जाते, पण पुढे पायऱ्या आहेतच, आणि विहीर बघून सगळे दमलेले असणार.

वाईत सकाळी लवकर या. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की मुलांना देवळाच्या मागच्या बाजूला न्या. मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय. कृष्णेचा पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जातं. देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, आणि किती पूर आले तरी ते उभं आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाट आहे, तिथली मोठी घंटा चुकवू नका. पेशव्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिथून आलेली ही पोर्तुगीजांची घंटा. जवळ जाऊन बघा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत.

लिंबच्या विहिरीत उतरणं सासूबाईंना झेपणार नाही. पण वरून बघितलं तरी अष्टकोन आणि मोटांच्या जागा नीट दिसतात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. मुलांना मात्र आत न्या, खाली थंडगार असतं.

बागायतदार, तासगाव तालुका
माझी दीड एकर बाग आहे म्हणून सांगतो, आधी वाइनचं मनातून काढा. पलूसला वाइन पार्क आहे, पण आमच्या पट्ट्यातली बहुतेक द्राक्षं खायला आणि बेदाण्याला जातात. नाशिकसारखी चाखायची सोय शोधत आलात तर पोरं हिरमुसतील. त्यापेक्षा त्यांना बेदाणा शेड दाखवा, फेब्रुवारीच्या शेवटी कामं जोरात असतात.

काढलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे आणि जाळ्यांवर पसरायचे. वर एकावर एक जाळीचे मजले. चार दिवसांनी मणी सुरकुततो, दोन आठवड्यांत बेदाणा हातात. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो. शेडमध्ये गोड, जड वास कोंडलेला असतो, पोरांना तो आयुष्यभर आठवेल. त्या दिवसांत आभाळ भरून आलं की आमच्या घरात कुणाला जेवण जात नाही. पाऊस लागला तर माल काळा पडतो आणि वर्षाची कमाई जाते.

बागेत आलात तर एवढं करा. घडाला हात लावू नका. मण्यावर पांढुरकी झाक असते, बोट लागलं की तिथे डाग उठतो आणि तो घड पेटीत भरता येत नाही. गेल्या वर्षी पाहुणे म्हणून आलेल्या लोकांनी फोटोसाठी दोन ओळींतले घड कुरवाळले. माझ्या आईनं ते सगळे वेगळे काढले, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हौसेनं या, पण आदल्या दिवशी शेतकऱ्याला विचारून या. फवारणी झालेली असेल तर तो स्वतःच नको म्हणेल. घड धरायचाच तर देठाला.

वाटेचं म्हणाल तर औंध तिसऱ्या दिवसातून काढा, ते साताऱ्याहून वेगळं करण्यासारखं आहे. प्रतापगडही गाळा, त्याच्याही पायऱ्या आहेत. कृष्णा धरून खाली या. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथे तासभर बसा. मग देवराष्ट्र्याला सागरेश्वर, पुढे कुंडल, पलूस. भिलवडी तिथून जवळच आहे हो! सासूबाईंना माहेरी न्यायला वेगळा दिवस लागतच नाही. तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपुर लांबूनच दिसतं, दक्षिणेत आल्यासारखं वाटतं.

मिरजकर
मिरजेत सतारमेकर गल्लीत जरूर जा. भोपळ्यापासून तंबोरा कसा उभा राहतो ते कारागीर काम करता करता सांगतात, मुलांनी फक्त आधी विचारावं. शेवट हरिपूरला करा, कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि संगमेश्वराचं देऊळ. हळदीची पेवं तिथलीच. जमिनीखाली हळद साठवायचे. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच पाण्यात गेली. एखादं दाखवणारं कोणी भेटलं तर बघून घ्या. आणि परतताना भडंग.

शाहूपुरीची सून
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतापगड, औंध, सज्जनगड तिन्ही गाळले. दुसरा दिवस कराड ते भिलवडी असा केला, मुक्काम सासूबाईंच्या भावाकडे. काल रात्री त्यांना हे वाचून दाखवलं. घडाला हात न लावण्याचं ऐकून म्हणाल्या, "आमच्या अण्णांनीही असंच शिकवलं होतं." मग विचारलं, नदीपलीकडे औदुंबरच्या घाटावर गाडी किती जवळ जाते? सकाळी आरतीच्या वेळी त्यांना नदीकाठी बसायचंय. बागायतदार दादा, पायऱ्या न उतरता बसायला जागा आहे का तिथे?

बागायतदार, तासगाव तालुका
दत्ताच्या देवळाजवळ सावलीत बसता येतं, नदी समोर दिसते. आरतीच्या आधी पोचा. आणि भिलवडीत आलात की निरोप धाडा, तोवर माझी फवारणी झालेली नसेल तर बाग आपलीच आहे.