मदत हवी आहे: हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घरी ठेवण्याबद्दल (नागपूर)

आईला (वय ५८) शीहान सिंड्रोम आहे, म्हणजे बाळंतपणातल्या रक्तस्रावानं पिट्युटरी ग्रंथी मंदावलेली. त्यामुळे शरीराला लागणारं स्टेरॉइड अंगात पुरेसं बनत नाही, म्हणून ते गोळीनं द्यावं लागतं: हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५ मिग्रॅ, सोबत थायरॉइडसाठी थायरॉक्सिन. तापात हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दुप्पट करतो, ते जमतं. पण मागे उलट्या लागल्या, गोळी पोटात टिकेना, बीपी उतरलं आणि रात्री कॅज्युअल्टीत स्टेरॉइड का हवं हे समजावण्यातच वेळ गेला. आता डॉक्टरांनी १०० मिग्रॅची कुपी घरी ठेवायला सांगितलीय, चिठ्ठीही दिलीय. दवाखाना गाठायचाच, पण सुई आधी. मी कधी कुणाला टोचलेलं नाही.

मे महिन्यात इथं पारा ४५ ला टेकतो, त्यात लाइट जाते. ज्यांच्या घरी ही कुपी आहे, ते उन्हाळ्यात ती कुठं ठेवतात? आणि मांडीत टोचायला धंतोली-रामदासपेठेकडे कुणी शिकवतं का?